एक डगआऊट, दोन कारभारी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरीही म्यान एकच आणि तलवारी दोन, अशी वेळ आपल्यावर वारंवार येतेच. ऑफिसात बुचो एक सांगतात आणि प्रोजेक्टचे प्रमुख दुसरंच. भारतातून सासूबाई तीन महिन्यांसाठी येतात आणि स्वयंपाकघर एकच असतं! मंडळाचं तर विचारूच नका. परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अध्यक्षपदाचा विषय निघाला की सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागतात. कुणाची नोकरी, कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणाची शेवटची ट्रेन. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "अहो, दोघांना मिळून करू द्या की!" टाळ्या पडतात, ठराव पास होतो. त्या दोघांपैकी कोण काय करणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

एक मोठं पद दोघांत वाटता येतं का? येत असेल तर कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज मी तुम्हाला बेसबॉलच्या मैदानावर नेणार आहे. घाबरू नका, नियम समजावत बसणार नाही. ज्यांची मुलं जपानी शाळेत जातात त्यांना ते एव्हाना पाठ झाले असतील, आणि इतरांना ते कळले नाहीत तरी चालेल. ही गोष्ट चेंडूफळीची नाहीच, माणसांची आहे.

कांतोकु म्हणजे कोण?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलचा मॅनेजर, म्हणजे जपानीतला 'कांतोकु', चटकन उमगत नाही. आपल्याकडे कर्णधार मैदानावर, प्रशिक्षक पॅव्हेलियनमध्ये आणि निवड समिती बंद खोलीत. कांतोकु या तिघांचा अर्क असतो. आज कोण खेळणार, कितव्या क्रमांकावर खेळणार, पिचर कधी बदलायचा, बंट कधी मारायचा, कुणाला दुसऱ्या संघात म्हणजे 'निगुन'मध्ये पाठवायचं, सगळं तो ठरवतो. वय साठ असो की सत्तर, अंगात खेळाडूंसारखाच गणवेश. संघ जिंकला की खेळाडू सगळ्यांत आधी त्यालाच उचलून हवेत उडवतात. त्याला 'दोआगे' म्हणतात. आणि संघ हरला की वर्तमानपत्रं सगळ्यांत आधी त्यालाच खाली आपटतात.

पण संघ चालवायला पैसा लागतो, आणि पैसा मालक कंपनीचा. जपानमध्ये दोन लीग मिळून बारा व्यावसायिक संघ आहेत. त्यांचे मालक पूर्वीपासून रेल्वे कंपन्या, वर्तमानपत्रं, खाद्यपदार्थांचे कारखाने. या कंपन्या आपले अधिकारी संघाच्या कार्यालयात 'शुक्को'वर पाठवायच्या. शुक्को म्हणजे काय ते इथे नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. काल रेल्वेचा हिशेब पाहणारे गृहस्थ आज खेळाडूंचे करार पाहायला लागायचे. त्या कार्यालयाला म्हणतात 'फ्रंट', आणि मैदानाला म्हणतात 'गेंबा'. आपल्या कंपन्यांत मुख्यालय आणि साइट यांच्यात जे चालतं, तेच इथे फ्रंट आणि गेंबा यांच्यात. गेंबा म्हणतं, "यांना खेळातलं काय कळतं?" फ्रंट म्हणतं, "यांना पैशातलं काय कळतं?"

अमेरिकेत यावर फार वर्षांपूर्वी तोडगा निघाला होता. मॅनेजर मैदान सांभाळेल, आणि त्याच्या जोडीला जनरल मॅनेजर, म्हणजे जीएम, खेळाडू निवडणं, विकत घेणं, बदलणं, करार करणं हे सगळं सांभाळेल. जपानमध्ये 'जीएम' हे नाव लावून बसलेला पहिला माणूस आला तो थेट १९९४ सालच्या शेवटी. आणि तिथूनच आपली गोष्ट सुरू होते.

चिबाचा संसार

आपल्यातली बरीच कुटुंबं एदोगावा भागात राहतात. कासाई-रिंकाई-कोएनहून केइयो लाइन पकडली की काइहिन-माकुहारी लागतं. तिथे समुद्राकाठी जे स्टेडियम आहे, ते चिबा लोत्ते मरीन्सचं घर. हीच ती लोत्ते, जिची 'कोआला नो मार्च' बिस्किटं आपली मुलं दप्तरात लपवून नेतात. १९९२ साली हा संघ कावासाकीहून चिबाला आला. मैदान नवं, गणवेश नवा, पण नशीब जुनंच. सहा संघांच्या लीगमध्ये पहिल्या तीन वर्षांत पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या वर काही जाता आलं नाही.

लोत्तेने मग हिरोओका तात्सुरो यांना जीएम म्हणून आणलं. हे साधंसुधं नाव नव्हतं. जन्म १९३२चा, हिरोशिमाजवळच्या कुरे गावचा. वासेदा विद्यापीठ, मग योमिउरी जायंट्सचे शॉर्टस्टॉप. पुढे कांतोकु म्हणून १९७८ साली याकुल्त स्वॅलोजना त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. १९८२ आणि १९८३ साली सेइबू लायन्सना जपानचे विजेते केलं. शिस्त अशी की विचारू नका. खेळाडूंच्या ताटातला पांढरा भात काढून हातसडीचा दिला, मांस कमी केलं, सोयाबीनचं दूध पाजलं. प्रतिस्पर्धी निप्पॉन-हॅमचे कांतोकु ओसावा यांनी पाला खाणाऱ्या शेळ्यांचा संघ म्हणून त्यांची थट्टा केली. आता ज्यांची मालक कंपनीच हॅम विकते त्यांनी दुसरं काय म्हणायचं! पण शेळ्यांनी वाघ मारले, हे खरं.

या हिरोओकांनी स्वतः पसंत करून अमेरिकेतून कांतोकु आणला, बॉबी व्हॅलेंटाइन. वय चव्वेचाळीस, टेक्सास रेंजर्सचा आठ हंगामांचा अनुभव, बोलका, हसरा, डोकं भन्नाट. पुढे न्यूयॉर्क मेट्सचा मॅनेजर असताना पंचांनी बाहेर काढल्यावर हाच गृहस्थ खोट्या मिशा लावून परत डगआऊटमध्ये येऊन बसला होता. त्यावरून काय ते ओळखा.

म्हणजे बघा, एकाच संघाच्या माथ्यावर दोन माणसं. एकाचा विश्वास सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सरावावर, दुसऱ्याचा खेळाडूच्या ताज्या अंगावर. एक म्हणतो घाम गाळा, दुसरा म्हणतो विश्रांती घ्या, मोकळेपणाने खेळा. दोघेही आपापल्या जागी तज्ज्ञ. दोघांकडेही दाखवायला यश. आणि मधल्या मध्ये कोच आणि खेळाडू. कुणाचं ऐकायचं?

दुसरा क्रमांक आणि नारळ

१९९५चा हंगाम सुरू झाला तेव्हा लोत्ते धडपडत होती. पण उन्हाळ्यात गाडी रुळावर आली आणि मग थांबेचना. शेवटी ६९ विजय, ५८ पराभव, ३ बरोबरी. पॅसिफिक लीगमध्ये दुसरा क्रमांक. पहिला आला ओरिक्स ब्लूवेव्ह. त्या वर्षी जानेवारीत कोबेला भूकंपाने उद्ध्वस्त केलं होतं, आणि तरुण इचिरोचा तो संघ सगळ्या गावासाठी खेळत होता. त्यांच्या मागे दुसरं येण्यात कसली लाज? लोत्तेला पहिल्या तीनांत येऊन दहा वर्षं झाली होती.

आणि हंगाम संपताच व्हॅलेंटाइनना नारळ मिळाला. करार दोन वर्षांचा, एक वर्ष शिल्लक. वर्गात दुसरा आलेल्या मुलाला शाळेतून काढून टाकावं, तसं झालं. चिबाचे चाहते हळहळले, रागावले, सह्या गोळा केल्या. उपयोग शून्य. कारण प्रश्न निकालाचा नव्हताच, प्रश्न होता घर कुणाचं याचा. सराव किती तास, बंट कधी, कोचनी कुणाला जाब द्यायचा, प्रत्येक गोष्टीत दोघांचं वेगळं मत, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा हे आधी ठरलेलं नाही. दोघांना आपापलं काम नेमून दिलं होतं खरं, पण कुंपण कुठे घालायचं ते राहून गेलं होतं.

पुढचा हिशेबही ऐका. १९९६ साली हिरोओकांच्या मनासारखा जपानी कांतोकु आला, एजिरी आकिरा. संघ पाचवा. हंगामाअखेर कांतोकुही गेला आणि जीएमही गेले. १९९८ साली तर लोत्ते सलग १८ सामने हरली, आणि तो जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला विक्रम झाला. त्या काळातही समुद्राच्या वाऱ्यात उभं राहून गाणी म्हणणारे चाहते होते, त्यांना मनापासून दंडवत.

व्हॅलेंटाइन तिकडे अमेरिकेत गेले आणि २००० साली न्यूयॉर्क मेट्सना वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन गेले. २००४ साली लोत्तेने त्यांना पुन्हा बोलावलं. या वेळी डोक्यावर बसणारे हिरोओका नव्हते, आणि मैदान कसं चालवायचं याबद्दल हात बरेच मोकळे होते. २००५ साली लोत्तेने हान्शिन टायगर्सना सलग चार सामन्यांत हरवून जपान सिरीज जिंकली. चार सामन्यांतल्या एकूण धावा ३३ विरुद्ध ४. पहिला सामना तर धुक्यामुळे सातव्या डावातच थांबवावा लागला, तोवर लोत्तेच्या दहा धावा झाल्या होत्या. ३१ वर्षांनी विजेतेपद आलं. हान्शिनच्या घरात, कोशिएनवर, या अमेरिकन माणसाची दोआगे झाली. संघाने २६ क्रमांकाचा गणवेश कायमचा चाहत्यांना देऊन टाकला. बाकावर बसणारे पंचवीस, आणि सव्विसावा तुम्ही!

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं, पण संसार म्हणजे काही सिनेमा नव्हे. काही वर्षांनी व्हॅलेंटाइन आणि फ्रंट यांचं पुन्हा बिनसलं. २००९ हे त्यांचं शेवटचं वर्ष असेल असं हंगामाआधीच जाहीर झालं. चाहत्यांनी लाखाहून अधिक सह्या केल्या. तरीही गेले ते गेलेच, आणि त्या वर्षी संघ पाचवा आला. एकाच संघात, एकाच माणसाच्या बाबतीत, चौदा वर्षांच्या अंतराने तेच घडलं. तेव्हा हा दोष एकट्या हिरोओकांच्या स्वभावाचा नव्हता, एवढं तरी कबूल करायला हवं.

पडद्यामागचा माणूस

मग दोघांचा संसार होतच नाही का? होतो. त्यासाठी आपल्याला नेमोतो रिकुओ यांना भेटायला हवं. बेसबॉलच्या जगात त्यांना 'नेवाझाशी' म्हणत. ज्युदोमध्ये प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडून तिथे पकडीत धरणारा जो असतो, तो नेवाझाशी. उभ्याने झुंज नाही, सगळं खाली, दिसेल न दिसेल असं.

सेइबू लायन्सचे ते पहिले कांतोकु. १९७९ साली संघ सुरू झाला आणि तळाला गेला. तीन वर्षं त्यांनी पाया घातला, आणि १९८१नंतर स्वतः गणवेश उतरवून दुसऱ्याला दिला. तो दुसरा कोण? हेच आपले हिरोओका! नेमोतो कार्यालयात गेले. जीएम हे नाव तेव्हा कुणी लावत नव्हतं, पण काम तेच. चांगली पोरं हेरायची, त्यांच्या घरच्यांना भेटायचं, मालकाकडून पैसे काढायचे. आकियामा, कुदो, इतो, कियोहारा ही पुढे गाजलेली नावं त्यांच्या काळात सेइबूत आली. संघ उभा करायचा नेमोतोंनी, खेळवायचा हिरोओकांनी. हिरोओकांच्या चार वर्षांत संघाने तीनदा लीग आणि दोनदा जपान सिरीज जिंकली. त्यांच्यानंतर मोरी मासाआकी आले, आणि त्यांनी नऊ वर्षांत आठदा लीग जिंकली.

गंमत पाहा. मैदानावर स्वतःला मोकळीक असताना हिरोओकांनी इतिहास घडवला, आणि बारा-तेरा वर्षांनी स्वतः कार्यालयातल्या खुर्चीत बसले तेव्हा खालच्या माणसाला तीच मोकळीक देणं त्यांना जमलं नाही. सून असताना भोगलेलं सासू झाल्यावर विसरायला होतं म्हणतात, तसं.

नेमोतो पुढे फुकुओकाच्या दाइए हॉक्समध्ये गेले. १९९३ आणि १९९४ ही दोन वर्षं स्वतः कांतोकु झाले, आणि मग पुन्हा तेच केलं. आपली खुर्ची रिकामी करून तिथे ओ सादाहारु यांना आणून बसवलं. ओ म्हणजे ८६८ होमरनचा मालक, जायंट्सचा देव. तोक्योचा हा देव क्यूशूत नेणं म्हणजे केवढी खटपट! पण देव आला तरी संघ तोच. १९९५ साली पाचवा, १९९६ साली सहावा, म्हणजे शेवटचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात ओसाकामध्ये चिडलेल्या चाहत्यांनी संघाच्या बसवर अंडी फेकली. आत ओ बसले होते. दुसरा कुठला संघ असता तर संध्याकाळपर्यंत राजीनाम्याची बातमी आली असती.

ओ यांना कुणी काढलं नाही. कार्यालयात नेमोतो होते, आणि त्यांचं काम जिंकणाऱ्याची पाठ थोपटण्याचं नव्हतं, हरणाऱ्याची पाठ राखण्याचं होतं. खेळाडू येत राहिले. जोजिमा, इगुची, मात्सुनाका ही पोरं तयार होत राहिली. १९९९ साली फुकुओकाचे हॉक्स पहिल्यांदा जपानचे विजेते झाले. ओ यांची दोआगे झाली.

नेमोतो ते पाहायला नव्हते. त्याच वर्षी ३० एप्रिलला, हंगाम नुकता सुरू झालेला असताना, ते गेले.

तिसरा आला आणि सगळं बिघडलं

दोघांत वाटणी नीट झाली तरी तिसऱ्याची भीती असते. २००५ साली सेंदाईत राकुतेनचा नवा संघ आला. मार्टी कीनर्ट हे अमेरिकन गृहस्थ जीएम, ताओ यासुशी कांतोकु. पहिला सामना जिंकला, सगळीकडे आनंदीआनंद. दुसऱ्याच दिवशी २६ विरुद्ध ० असा पराभव, आणि तोही व्हॅलेंटाइनच्या लोत्तेकडून! संघ नवा, खेळाडू इतरांनी सोडलेले, हरणार हे उघड होतं. पण मालकाला धीर कुठला? काही आठवड्यांत कीनर्ट यांचं जीएमपद गेलं, आणि ९७ सामने हरून हंगाम संपला तेव्हा ताओही गेले. दोघांचं एकमेकांशी पटत होतं की नाही, हे पाहायला वेळच कुणी दिला नाही.

जायंट्सची गोष्ट तर आणखी नाट्यमय. ११ नोव्हेंबर २०११ रोजी संघाचे प्रतिनिधी आणि जीएम कियोताके हिदेतोशी यांनी पत्रकार परिषद घेतली आणि स्वतःच्याच समूहाचे सर्वेसर्वा वातानाबे त्सुनेओ यांच्यावर जाहीर आरोप केला. पुढच्या हंगामाचे कोच कोण हे कांतोकु हारा यांच्याशी बोलून ठरवलेलं असताना वातानाबेंनी वरून एगावा सुगुरु यांचं नाव पुढे रेटलं, असा. जपानमध्ये नोकराने मालकाबद्दल असं उघड बोलायचं! देशभर खळबळ उडाली. आठवड्याभरात, १८ तारखेला, कियोताके यांना काढून टाकण्यात आलं. पुढे २०१८च्या अखेरीस हारा पुन्हा कांतोकु झाले, तेव्हा जीएमचं पद रिकामं ठेवून दोन्ही बाजूंचे अधिकार त्यांच्याच हाती दिले गेले. वाटणी जमली नाही की माणसं पुन्हा एकाच तलवारीकडे वळतात.

च्युइंगगम, बँक आणि पुणे दरबार

हे दुखणं फक्त जपानचं आहे असं समजू नका. अमेरिकेत शिकागो कब्जच्या मालकांना, रिग्ली साहेबांना, १९६१ साली कल्पना सुचली की मॅनेजर हवाच कशाला? कोचांचं एक मंडळ करू, त्यांनी पाळीपाळीने संघ चालवावा. पहिल्या वर्षी चौघांनी पाळी घेतली आणि संघ ९० सामने हरला. दुसऱ्या वर्षी १०३ हरला. रिग्लींचा धंदा च्युइंगगमचा, आणि लोत्तेचीही सुरुवात च्युइंगगमपासूनच. चघळत बसण्याची सवय म्हणायची की काय!

बँकांचंही पाहा. तीन मोठ्या बँका एकत्र येऊन २००० साली मिझुहो झाली, तेव्हा कुणाला वाईट वाटू नये म्हणून माथ्यावर तीन प्रमुख बसवले. २००२च्या १ एप्रिलला कारभार सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी एटीएम कोलमडले. कुठल्या बँकेची संगणकप्रणाली ठेवायची हे वेळेत ठरलं नव्हतं, हे त्याचं एक मोठं कारण. 'नाही' म्हणण्याचा अधिकार तिघांना, आणि 'हो' म्हणण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

आणि आपल्या इतिहासात तर याहून मोठी जोडी आहे. उत्तरेत महादजी शिंदे, पुण्यात नाना फडणीस. एकाकडे गेंबा, दुसऱ्याकडे फ्रंट! महादजी दिल्लीत बादशहाला सांभाळणार, फौजा लढवणार, आणि नाना पुण्यात बसून मोहिमेचा हिशेब मागणार. महादजी म्हणणार, खर्च झालेले पैसे आधी द्या. नाना म्हणणार, कागद आधी दाखवा. १७९२ साली महादजी पुण्याला आले ते बऱ्याच अंशी हे मिटवायला. दोघे एकमेकांवर कितीही रागावले तरी एकमेकांचं मोल जाणून होते. १७९४ साली वानवडीला महादजी गेले, १८०० साली नाना गेले, आणि त्यानंतर दोनच वर्षांत वसईचा तह झाला. दोन तलवारींचा खणखणाट परवडला, म्यान रिकामं झाल्यावर काय होतं ते आपण जाणतोच.

क्रिकेटमध्येही दोन्ही नमुने आहेत. १९९०च्या दशकात अजित वाडेकर मॅनेजर आणि अझरुद्दीन कर्णधार ही जोडी जमली. १९९३ साली इंग्लंडला आपण घरी ३-० असं धुतलं ते याच जोडीच्या काळात. २०१७ साली मात्र कुंबळे आणि कोहली यांचं पटलं नाही, आणि कुंबळेंनी राजीनामा दिला. दोघेही थोर, दोघेही मेहनती. थोरपणाने पटतंच असं नाही.

सान्यूकानचा चेंडू

आता आपल्यापुरतं बोलू. जपानी ऑफिसात एक शब्द वापरतात, 'सान्यूकान'. बेसबॉलमध्ये तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप यांच्यामधली ती मोकळी जागा. तिथे आलेला चेंडू कुणाचा? ज्याचा त्याचा म्हटलं तर कुणाचाच नाही. ऑफिसातलं जे काम दोन विभागांच्या मध्ये पडतं त्यालाही हाच शब्द. आणि उंच उडालेल्या चेंडूखाली दोन खेळाडू येऊन एकमेकांकडे पाहत राहिले आणि चेंडू मधोमध पडला, तर समालोचक म्हणतात 'ओमिआई' झाली. ओमिआई म्हणजे ठरवून केलेल्या लग्नातला मुलगी पाहण्याचा कार्यक्रम. कांदेपोह्यांच्या बशीवरून दोघं एकमेकांकडे बघतायत, "तुम्ही आधी", "नाही, तुम्ही आधी", आणि पोहे गार!

दोघांत पद वाटताना खरा धोका भांडणाचा नाही, या ओमिआईचा आहे. भांडण निदान दिसतं. गणपतीचा हॉल बुक करायचा राहिला, वर्गणीची पावती दिली नाही, नव्याने आलेल्या कुटुंबाला फोन कुणी केलाच नाही, हे दिसत नाही. आणि त्या नव्या कुटुंबातली ती मुलगी, जिला जपानी येत नाही आणि नवरा रात्री अकराला घरी येतो, ती तिसऱ्या मजल्यावर एकटी बसून राहते. आपल्या सान्यूकानमधून निसटलेला चेंडू असा कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडतो.

म्हणून या साऱ्या गोष्टींतून मला जे उचलावंसं वाटतं ते असं. काम वाटताना "मिळून करू" एवढ्यावर थांबू नये. पैसा आणि माणसं कुणी बघायची, कार्यक्रम कुणी बघायचा, हे हंगाम सुरू होण्याआधी कागदावर यावं. मत जुळलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, हे मैत्री गोड असतानाच ठरवावं. भांडण झाल्यावर ठरवायला बसलं तर ते दुसरं भांडण. दुसऱ्याच्या अंगणात सल्ला द्यावा, पण कोचला बाजूला घेऊन वेगळी सूचना देऊ नये. आणि बाकीच्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, एकाकडून 'नाही' ऐकल्यावर 'हो' घ्यायला दुसऱ्याकडे जाऊ नये. मुलं आईकडून नाही आल्यावर बाबांकडे जातात ना, तसं. निम्म्या जोड्या आपणच मोडतो.

दोघांचा कारभार चालल्याची चांगली उदाहरणंही जवळच आहेत. २०१२ साली ओतानी शोहेइ नावाच्या मुलाने शाळा संपताच थेट अमेरिकेला जाणार असं जाहीर केलं होतं. निप्पॉन-हॅम फायटर्सचे जीएम यामादा मासाओ आणि त्यांच्या कार्यालयाने तरीही त्याला निवडलं, आणि आधी जपानमध्ये खेळून पुढे जाण्याचे फायदे सांगणारा तीसएक पानांचा अहवाल त्याच्यासाठी तयार केला. कांतोकु कुरियामा हिदेकी त्याच्या घरी जाऊन बोलले. पिचिंगही कर आणि बॅटिंगही कर, असं त्याला सांगण्यात आलं. सगळे हसले. पण कार्यालयाने दिलेला शब्द मैदानाने पाळला. कुरियामांनी टीका सोसत त्याला दोन्ही खेळवलं. २०१६ साली फायटर्स जपानचे विजेते झाले, आणि पुढचं सगळं जग जाणतंच. एकाने वचन द्यावं आणि दुसऱ्याने ते आपलंच समजून निभावावं, हे दोघांच्या कारभाराचं खरं सुख.

तेव्हा पुढच्या वेळी चिबाला किंवा फुकुओकाला सामना पाहायला गेलात आणि तुमचा संघ जिंकून दोआगे सुरू झाली, तर मुलांना हवेत उडणारा कांतोकु जरूर दाखवा. फोटोही काढा. मग त्यांना विचारा, याला इथे आणणारा कोण, आणि हरत असताना याची पाठ कुणी राखली? त्या माणसाचा फोटो मिळणार नाही. तो बहुधा वरच्या एखाद्या खोलीत पुढच्या वर्षीच्या पोरांची नावं वाचत बसलेला असेल. पद दोघांत वाटता येतं, मंडळी. दोआगे वाटता येत नाही. ते मनापासून मान्य असलेला एक माणूस जोडीत असला, की म्यानात दोन तलवारीही सुखाने राहतात.